गाडीने एअर घेतली, तर

जुनी पिकअप घरच्या घरी दुरुस्त करू इच्छिणाऱ्या होतकरू मंडळींसाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. त्याला आधार एकाच गाडीचा : आमच्या नानाकाकांची टाटामोबाईल २०६. टेल्कोने हे मॉडेल १९८८ साली आणलं, नानांची १९९३ची. एके काळी ती तासगावची द्राक्षं वाहायची. आता ती नानांना वाहते, आणि चढ लागला की नाना तिला.

नियम पहिला, जागा. गाडी अंगणात अशी लावावी की घरच्यांना तुळशीपर्यंत पोचता येणार नाही. म्हणजे काम लवकर उरकतं, असं शास्त्र सांगतं. आमचं तीन महिने चाललं. काकूंनी तुळस हलवली.

नियम दुसरा, चाक. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करावेत, मग जॅक लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. जाड लाकडी ठोकळे द्यावेत. हे मी थट्टेने सांगत नाही.

नियम तिसरा, एअर. इथे जरा सावकाश वाचावं.

टाकी कोरडी पडली की डिझेल गाडी हवा ओढते. नळ्यांत शिरलेली हवा दाबली जाते, पण डिझेल पुढे ढकलत नाही. इंजेक्टरपर्यंत प्रेशरच पोचत नाही. मग स्टार्टर कितीही मारा, बॅटरी तेवढी बसते. हे सगळं टाळायला टाकीत डिझेल ठेवावं, एवढंच पुरे. पण नाना एका वेळी ३०० रुपयांचंच टाकतात, कारण उद्या भाव उतरेल. हा उद्या मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

असो. डिझेल भरून फिल्टरवरचा एअरचा बोल्ट ढिला करावा आणि शेजारचा हातपंप दाबत राहावं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळावा. थांबून आवळला की पुन्हा पहिल्यापासून. तरीही गाडी रुसली, तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट ढिले करून स्टार्टर मारायचा, डिझेल फसफसलं की आवळायचे. चार इंजेक्टर, चार नट. चार ढिले केले तर चार आवळावेत, हे नानांना एम.कॉम. झालेल्या पुतण्याला दर वेळी सांगावं लागतं.

स्टार्टर मारायला आत एक माणूस लागतो. तो मी. बॉनेटखालून नाना ‘हां’ म्हणाले की मारायचा आणि ‘हां’ म्हणाले की थांबायचं. दोन्हींतला फरक मला अजून कळलेला नाही.

नियम चौथा, पत्रा. खताच्या पोत्यांनी हौद्याची चाळण होते. गंज लखलखीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, रेड ऑक्साईड मारावा, मगच लांबी भरावी. नानांनी थेट गंजावर थापली. पहिल्याच पावसात ती पापडासारखी फुगली.

नियम पाचवा, सजावट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ ठेवण मनाला येईल तशी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावलं. त्यामुळे पुढच्या लोखंडी गार्डचं स्वप्न नानांनी सोडलं. मालवाहू गाड्यांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला राज्यात २०१५ साली बंदी आली, तेव्हा नानांनी कायद्याचा मान राखून फाळक्यावरचं ‘प्लीज’ खोडलं.

नियम सहावा : गाडी विकायचा विषय जेवताना काढू नये.

गेल्या महिन्यात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला होते. काकूंना डबा घेऊन जायचं होतं आणि गाडीने एअर घेतली होती. काटा अर्थातच तळाला. मी एकट्याने बोल्ट सोडला, पंप मारला, धार आणली, नट आवळले. ‘हां’ही मीच म्हणालो. गाडी लागली! छाती फुगवून नानांना फोन केला आणि मोबाईल बॉनेटजवळ धरला.

बराच वेळ पलीकडून काही नाही.

“तीन नंबरचा नट ढिला ऱ्हायलाय,” नाना म्हणाले. “आणि डिझेल कितीचं टाकलंस?”

“दोन हजारांचं.”

“आरं, उद्या भाव उतरणार हाय.”