पाठीवरची खळी पळवणाऱ्यास

प्रति,
मा. डिझायनर साहेब (किंवा मॅडम),
कुलूप-किल्ली खातं, सर्व मोबाइल कंपन्या

विषय : फोनच्या पाठीवरची गोल खळी यशस्वीरीत्या नाहीशी केल्याबद्दल अभिनंदन

स. न. वि. वि.

आपलं नाव-गाव मला ठाऊक नाही. पण आपण प्रत्येक कंपनीत आहात याची खात्री आहे, कारण सगळ्यांनी थोड्याच वर्षांत एकमेकांकडे बघत एकच काम उरकलं. एवढा एकोपा आमच्याकडे फक्त स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांत दिसतो, तोही पाऊस सुरू झाल्यावर.

आपल्या कामाचा व्याप मोठा, तेव्हा कदाचित आठवणार नाही म्हणून सांगतो. फोनच्या मागच्या बाजूला, हातात धरल्यावर तर्जनी आपसूक टेकते तिथे, चार आण्याच्या नाण्याएवढी खोलगट जागा असायची. २०१५ च्या नेक्सस ५एक्स आणि ६पी या फोनवर ती होती. पुढच्याच वर्षी रेडमी नोट ३ आला आणि दहा-बारा हजारांत ती घरोघरी पोचली. तिचं वैशिष्ट्य असं, की ती बघावी लागत नसे. खिशात हात घातला, बोट टेकलं, फोन बाहेर येईतो उघडलेला. लोकलच्या गर्दीत एक हात वरच्या कडीला, दुसरा खिशात अडकलेला, अशा अवस्थेतही ती काम करायची. काही फोनांवर तर तिच्यावरून बोट खाली ओढलं की नोटिफिकेशनचा पडदाही उतरायचा.

तिच्यात गौडबंगाल असं काही नव्हतं. बोटावरच्या रेषांचे उंचवटे सेन्सरला टेकतात, मधल्या खाचा टेकत नाहीत. त्यामुळे विजेचा बारीकसा साठा जागोजाग कमी-जास्त होतो आणि त्या फरकांवरून बोटाचा नकाशा तयार होतो. बोट ओलं असलं की सगळं एकसारखंच दिसायचं आणि मग ती हटून बसायची, हे कबूल. फोन टेबलावर उताणा पडलेला असला किंवा गाडीच्या स्टँडला अडकवलेला असला तर तिच्यापर्यंत बोट पोचायचं नाही, हेही कबूल. पण एवढ्यासाठी कुणी घराचा पुढचा दरवाजा भिंतीत चिणून टाकत नाही. आपण टाकलात. धाडसाला दाद द्यायला हवी.

तसं का केलं असेल याचा मी बराच विचार केला. आधी आपल्याला पडदा मोठा करायचा होता, म्हणून समोरच्या बटणावरचा सेन्सर मागे गेला. २०१७ च्या गॅलेक्सी एस८ वर आपल्या एका बंधूने तो कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी नेऊन ठेवला. मग बोट सेन्सरवर कमी आणि भिंगावर जास्त, आणि प्रत्येक फोटोत नातेवाईक धुक्यात उभे. त्यातून बोध घेऊन सेन्सर चार बोटं खाली आणता आला असता. पण आपल्याला तोवर पाठही गुळगुळीत हवीशी वाटू लागली होती. चमकणारी, काचेची, कॅमेऱ्यांचा उंचवटा मिरवणारी. (तिच्यावर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी दीडशे रुपयांचं कव्हर चढवतं, ही क्षुल्लक बाब आपल्या कानावर कुणी घातली नसावी.) शिवाय खळी जाहिरातीत दिसत नाही. काचेखाली लखलखणारा निळा-हिरवा अंगठा दिसतो.

जानेवारी २०१८ मध्ये चीनमध्ये विवो एक्स२० प्लस यूडी आला, काचेखाली सेन्सर घेऊन, आणि आपल्या खात्यात आनंदीआनंद झाला. आता बोट टेकलं की त्याच्याखालचा पडदा भगभगीत पेटतो आणि खालचा चिमुकला कॅमेरा बोटाचा फोटो काढतो. दिवसा ठीक. पण रात्री तीन वाजता घड्याळ बघायला फोन उचलावा, तर आधी डोळ्यांत टॉर्च. किती वाजले ते कळायच्या आत झोप उडालेली असते.

काचेवर काच चिकटवली की काय होतं, हे बघायला एकदा आमच्या कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात यावं. तिथला पोरगा ओल्या कागदाने पडदा पुसतो, स्टिकर लावून धुळीचा शेवटचा कण उचलतो, टेम्पर्ड ग्लास मधोमध टेकवतो आणि बुडबुडे कडेकडेने पळवतो. बघत राहावं असं काम. मग फोन गिऱ्हाइकाच्या हातात देत म्हणतो, "काका, आता जुनं बोट डिलीट करा, नवीन टाका. जरा दाबून."

"अरे, बोट तेच आहे ना माझं!"

"बोट तेच आहे हो काका. काच बदलली ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. आपली बाजू मांडणं मला त्या क्षणी तरी जमणार नव्हतं.

काकांचा फोन निदान उघडला तरी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका बाईंनी गॅलेक्सी एस१० च्या पडद्यावर स्वस्तातलं जेलचं कव्हर बसवलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की फोन आता नवऱ्याच्या अंगठ्यानेही उघडतो. कव्हरच्या आतल्या बाजूची नक्षीच सेन्सरने बोटाच्या रेषा म्हणून पाठ केली होती. सॅमसंगने चूक मान्य केली आणि सॉफ्टवेअरचं ठिगळ पाठवलं. तो सेन्सर साधा फोटो काढणारा नव्हता बरं का, ध्वनिलहरी सोडून बोटाचा उंच-सखलपणा मोजणारा, महागातला होता.

पण बोटाचं जाऊ दे. आपली खरी कमाल चेहऱ्यात आहे.

२०१७ साली आयफोन १० आला. त्याच्या कपाळावरच्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारे तीस हजारांहून अधिक अवरक्त ठिपके चेहऱ्यावर पडतात आणि नाक किती पुढे, गाल किती खोल, याचा नकाशा तयार होतो. डोळे उघडे ठेवून फोनकडे बघितल्याशिवाय तो सहसा उघडत नाही. भलत्या माणसाचा चेहरा चालून जाण्याची शक्यता ॲपलने दहा लाखांत एक सांगितली. त्यांच्याच बोटाच्या सेन्सरला ती पन्नास हजारांत एक होती. जुळी भावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत मात्र भरवसा कमी, हेही त्यांनीच सांगून टाकलं. उद्घाटनाच्या मंचावर फोनने बड्या अधिकाऱ्यांना आत घ्यायला नकार देऊन पासकोड मागितला, तो भाग वेगळा. मांडामांड करणाऱ्या माणसांनी आधी फोन हाताळला आणि त्याने त्यांचेही चेहरे तपासून नाकारले, असा खुलासा नंतर आला.

हे महागडं यंत्र. ते बघून आपण काय केलंत? दहा हजारांच्या फोनच्या खोक्यावरही तेच लिहिलंत : फेस अनलॉक. आत ठिपके नाहीत, अवरक्त काही नाही. आहे तो सेल्फीचा कॅमेरा, आणि तो सपाट फोटोशी सपाट फोटो ताडून बघतो. ही विद्याही जुनीच. २०११ मध्ये गॅलेक्सी नेक्ससवर अँड्रॉइडने ती आणली तेव्हाच मालकाचा फोटो दाखवून फोन उघडत होता. पुढे नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेने ११० फोनांसमोर मालकाचा फोटो धरून बघितला, तर ४२ उघडले. तो निकाल आला २०१९ मध्ये. २०२३ मध्ये ब्रिटनच्या 'विच?' या ग्राहक संस्थेने ४८ फोन घेतले आणि छापील फोटोने १९ फसले. मधल्या काळात आपल्याकडे मेगापिक्सेल मात्र भरपूर वाढले.

याहून मजा अशी, की आपल्या या कुलपावर आपल्याच फोनचा विश्वास नाही. अँड्रॉइडमध्ये अशा ओळखींच्या तीन श्रेणी आहेत आणि फोटोला भुलणारा चेहरा सगळ्यात खालच्या श्रेणीत बसतो. त्याने पडदा उघडा, व्हॉट्सॲप वाचा, गॅलरी चाळा, हरकत नाही. बँकेचं ॲप उघडताना त्याला दारातच थांबवतात आणि बोट किंवा पिन मागतात. म्हणजे आमचे पैसे सुरक्षित. आमची पत्रं, फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट आणि बँकेचा ओटीपी ज्यात येतो ते मेसेज, यांची किंमत आपल्या लेखी किती, तेही समजलं.

महागड्या फोनवाल्यांनीही फार हसू नये. २०१९ मध्ये गूगलने पिक्सेल ४ वरून पाठीवरची खळी काढली आणि सगळा भार चेहऱ्यावर टाकला. सोबतीला हाताची हालचाल ओळखणारं रडारही दिलं. यंत्र उत्तम होतं, फक्त झोपलेल्या मालकाचे मिटलेले डोळेही त्याला पुरायचे. डोळे उघडे असण्याची अट घालायला पुढचं वर्ष उजाडलं. भारतात हा फोन विकायलाच आला नाही, कारण त्या रडारच्या लहरींना इथे परवानगी नव्हती. सरकारी कागदपत्रांनी आमचं रक्षण केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण म्हणून नोंदवून ठेवतो.

झोपेचा विषय निघालाच आहे तर न्याय म्हणून सांगायला हवं, बोटही काही सोवळं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोह्याहून बालीला निघालेल्या विमानात एका बाईंनी झोपलेल्या नवऱ्याचं बोट त्याच्याच फोनवर टेकवलं. त्यात जे सापडलं त्यावरून इतका गोंधळ झाला, की विमान चेन्नईला उतरवावं लागलं, अशी बातमी होती. तेव्हा खळी निर्दोष होती असा माझा दावा नाही. चोर, पोलीस आणि बायको यांच्यापुढे सगळी कुलपं सारखीच. मी बोलतोय ते रोजच्या शंभर वेळांबद्दल, जेव्हा दारात दुसरं-तिसरं कुणी नसतं, आपणच असतो.

आणि रोजच्या वेळी चेहरा कुठे असतो, याचा अभ्यास आपल्या वातानुकूलित दालनात झालेला दिसत नाही. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुलीचा चेहरा स्कार्फच्या आत असतो. उघडे फक्त डोळे, त्यांवर गॉगल. कुरिअर देणाऱ्याचा चेहरा हेल्मेटमध्ये असतो, आणि त्याला दर दारात ॲपवर नोंद करायची असते. २०२० साली सगळ्या जगाने तोंडाला मास्क बांधला, तर आयफोनला मास्कसकट माणूस ओळखायला मार्च २०२२ उजाडला, तेही १२ आणि त्यापुढच्या मॉडेलांपुरतं. तेवढे दिवस भाजीच्या रांगेत लोक मास्क हनुवटीवर ओढून फोनला दर्शन देत होते.

माझ्या आईची गोष्ट सांगून आपला वेळ घेतो. जन्मभर भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा सपाट झाल्यात आणि वयाने कातडीही कोरडी. जुन्या फोनची खळीसुद्धा तिला कधीमधी नाही म्हणायची, पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा तरी ऐकायची. नव्या फोनची काच तिच्या बोटाला माणूस मानायलाच तयार नाही. म्हणून चेहरा नोंदवून दिला. दुपारी गॅलरीत तो झकास चालतो. पण ती उठते पहाटे, दिवा न लावता, आणि अंधारात आपला सेल्फी कॅमेरा आंधळा. मग ती देवघरात जाते आणि समईच्या उजेडात फोनला तोंड दाखवते. तरीही फोन अधूनमधून पिन मागतोच, तसा नियमच आहे अँड्रॉइडचा. पिन विसरायला होतो म्हणून तिने चिठ्ठीवर चार आकडे लिहून ती पारदर्शक कव्हरच्या आत, फोनच्या पाठीवर सरकवली आहे. बरोबर जिथे खळी असायची तिथे. आता फोन पहिल्या फटक्यात उघडतो. कुणाचाही.

कडेच्या बटणात बसवलेला सेन्सर तेवढा बरा निघाला, हे मान्य करतो, आणि तो आपण बहुतेक स्वस्त फोनांना दिलात यावरून आपल्याला त्याची किती लाज वाटते तेही कळतं. फोन नुसता हातात धरला तरी तळवा त्याला घासत राहतो आणि थोड्या वेळाने 'फार वेळा प्रयत्न झाले, पिन टाका' असा दम मिळतो. प्रयत्न कुणी केले? कुणीच नाही. डावखुऱ्यांनी काय करायचं, ते आपण त्यांनाच विचारा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयने पैसे पाठवतानाही पिनऐवजी बोट किंवा चेहरा चालवण्याची सोय सुरू झाली. म्हणजे आता आपलं कुलूप-किल्ली खातं नुसतं दार राखत नाही, तिजोरीवर सहीही करतं. तेव्हा एक विनंती. खोक्यावर मेगापिक्सेल, वॅट आणि गिगाबाइट जिथे ठळक छापता, त्याच ओळीत आतला चेहरा कुठल्या श्रेणीचा आहे तेही छापा. फोटोने फसत असेल तर 'फोटोने फसतो' असं लिहा. शाईला फार खर्च येत नाही.

कळावे,
आपलं एक जुनं गिऱ्हाईक

ता. क. : पिक्सेल ४ वरून काढलेली खळी गूगलने २०२० मध्ये पिक्सेल ५ वर गुपचूप परत बसवली होती. २०२१ च्या पिक्सेल ६ वर ती पुन्हा गेली आणि काचेखाली सेन्सर आला. तो हळू चालतो अशी ओरड झाली तेव्हा, सुरक्षा वाढवल्यामुळे वेळ लागतो, असं उत्तर मिळालं. मधल्या त्या एका वर्षात खळी परत आणणारा माणूस आपल्याच खात्यातला असेल, तर त्याची बदली कुठे केलीत ते कृपया कळवावे.