दुसरा धनी

आमच्या यवतमाळच्या मंडळीत मूर्तिपूजा हा विषय सेक्रेटरीभाऊंच्या खास अखत्यारीतला. दगडाच्या मूर्तींशी त्यांचं भांडण नाही; त्यांचा राग आजकालच्या मूर्तींवर. तरुण संघाच्या पोरांना आयपीएल, बायकांना मालिका, पाळकसाहेबांना नवी मोटरसायकल, अशी ज्याची त्याची मूर्ती त्यांनी नेमून दिली आहे. "पोट्ट्यायनं मोबाइलले देव केला बापा! ख्रिस्त पयला, बाकी समदं मांगून," असं म्हणत ते छातीवर हात ठेवतात. नव्या माणसाला वाटतं, हृदयावर ठेवला. तिथे खिसा आहे आणि खिशात फोन.

त्यांचे वडील इथल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत माळी होते. 1953 साली सुरू झालेली ही सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली. "सेमिनरी गेली, पण सिद्धांत आमच्या घरी ठेवून गेली," असं भाऊ सांगतात. गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी, तसं.

उपासनेत शास्त्रपाठ भाऊंचा, आणि तो मोबाइलवरून. "अक्षर मोठं होते नं!" एका रविवारी तेविसावं स्तोत्र चाललं होतं. मेंढपाळ कळपाला पाण्याजवळ नेतो न नेतो, तोच फोन टिंगकन वाजला. भाऊ थबकले, चष्मा सावरला आणि स्तोत्राच्या ऐन मध्यावर खणखणीत "आमेन!" म्हणाले. मंडळीनेही भक्तिभावाने साथ दिली. कापूस क्विंटलमागे दोनशेनं चढला होता, हे चहाच्या वेळी कळलं. भाऊंचा पंधरा क्विंटल घरातच पडून होता.

पुढच्या रविवारी वहिनींनी फोन ज्वारीच्या कोठीत टाकला. "आज कागदावरचं वाचा." भाऊ मुकाट्याने वडिलांचं जुनं पवित्र शास्त्र घेऊन आले. त्या दिवशीचा पाठ मत्तयाचा सहावा अध्याय, दोन धन्यांच्या चाकरीचा. पान उघडलं, तर आत खूण घातलेली: एकाधिकार कापूस खरेदीच्या काळातली काटापट्टी, मागे पेन्सिलीने वडिलांच्या हातची बेरीज.

भाऊ पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. पहिल्या बाकावर होतो म्हणून मला ऐकू आलं: "हातचा एक इसरले बाबा."

मग अध्याय त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि 'आमेन' शेवटीच म्हटलं. पट्टी मात्र पुन्हा त्याच पानात ठेवली.