आधी वावर, मग बियाणं

कोरपना तालुक्यातल्या एखाद्या पोराने इलेक्ट्रिक गिटार घेतली तर गाव ते फारसं मनावर घेत नाही. 'गेलं पोरगं हातचं' एवढं म्हणून लोक पुन्हा कापसाच्या भावाकडे वळतात. पोरगं खरं हातचं जातं ते त्यानंतर. चार महिन्यांत त्याला कळून चुकतं की आपल्या गिटारीतून निघणारा आवाज लेड झेपेलिनचा नाही, एसी/डीसीचाही नाही. फार तर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा आहे. मग कुणीतरी कानात सांगतं, 'मधे ओव्हरड्राइव्ह पेडल पाहिजे भाऊ.' पायाने दाबायचा, तळहातात मावणारा, वर तीन नॉब असलेला हा पत्र्याचा डबा. एका टोकाने सरळमार्गी सूर आत जातो आणि दुसऱ्या टोकाने तोच जाड, खरखरीत आणि किंचित उद्धट होऊन बाहेर येतो. असे डबे बाजारात शेकड्याने आहेत. राजुरा ओलांडून चंद्रपूर गाठलं तरी ते हाताळून, वाजवून बघायची सोय मिळेलच असं नाही, म्हणून निवड होते मोबाइलवर, रात्री दोन वाजता, परदेशी माणसाचे व्हिडिओ पाहून. माझं म्हणणं एवढंच आहे, की कोणतं पेडल घ्यावं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आपल्याकडे ॲम्प कोणता, स्पीकर कोणता, घरातली वीज कशी आणि भिंतीपलीकडे कोण राहतं, हे आधी पाहावं. पैनगंगेकाठच्या काळ्या कसदार रानात कापूस छातीएवढा झालेला पाहून त्याच बियाण्याची पाकिटं जिवतीकडच्या मुरमाड बरडावर टोबायची आणि मग कंपनीला शिव्या द्यायच्या, असला शेतकरी आपल्याकडे कुणी शहाणा मानत नाही. पेडलच्या बाबतीत मात्र शहाणी माणसंही हेच करतात.

हे पटवायचं तर हा आवाज मुळात आला कुठून ते पाहावं लागेल. तो कुणी शोधला नाही. सामान बिघडलं आणि तो निघाला. १९५१ साली 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित होताना गिटारवादकाचा ॲम्प वाटेत खराब झालेला होता. तसाच वाजवला आणि तो फाटका आवाज लोकांना आवडला. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा एक चॅनेल बिघडला आणि त्यातून निघालेली घरघर तशीच ठेवली गेली. १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर दुरुस्तीचा प्रश्नच निकालात काढला: ब्लेड घेऊन स्पीकरचा कागदच चिरला. त्याआधीच, १९६२ पासून, लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात ॲम्प बनू लागले होते. ते वाल्व्हचे ॲम्प पूर्ण मोठे केले की सूर त्यांच्या आवाक्याबाहेर जायचा आणि त्याचं टोक गोलसर कापलं जायचं. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने स्टुडिओत तेच केलं, आणि ज्याला आज आपण क्लासिक रॉकचा आवाज म्हणतो तो बऱ्याच अंशी तिथे ठरला. या साऱ्या उदाहरणांत बिघडलेली वस्तू कुठली ते पाहा. कुठे ॲम्प, कुठे स्पीकर, कुठे ध्वनिमुद्रणाचं यंत्र. पेडल हा त्या बिघाडाचा नंतर बाजारात आलेला, पायाने चालू-बंद करता येणारा अवतार आहे. मूळ नाटक ज्या रंगमंचावर झालं तो रंगमंच न पाहता नुसता मुखवटा विकत घेण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात गाजलेल्या मुखवट्यांकडे, म्हणजे पेडलांकडे येऊ. बॉस कंपनीचं ओडी-१ १९७७ चं, आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ १९७९ चा, बॉसचं पिवळं एसडी-१ १९८१ चं. तिघांची कुळी एकच. आत एक छोटी चिप सूर वाढवते आणि तिच्या परतीच्या वाटेवर बसवलेले डायोड सुराची टोकं छाटतात. हिरव्यात दोन्ही बाजूंना एकेक डायोड आहे; पिवळ्यात एका बाजूला एक आणि दुसरीकडे दोन, म्हणून छाटणी वरखाली असमान होते. हिरव्यात आणखी एक गंमत आहे. सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा खर्ज त्यात कमीच फाटतो आणि मधला पट्टा पुढे येतो. ही काही चूक नव्हे. ज्याचा वाल्व्ह ॲम्प आधीच मोठा होऊन फाटायला आलेला आहे, त्याला खर्जाचा चिखल नको असतो. मधला सूर पुढे ढकलला की तो ढोल आणि बेसच्या गर्दीतून वाट काढतो. गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा हिरवा डबा अशाच दणदणीत फेंडर ॲम्पच्या पुढे होता. तोच डबा आपण गडचांदूरच्या भाड्याच्या खोलीतल्या दहा वॉटच्या, आठ इंची स्पीकरच्या ट्रान्झिस्टर ॲम्पला लावतो. तिथे मुळात खर्ज नाही, आणि फाटायला वाल्व्हही नाही. उरतो तो फक्त मधला पट्टा, म्हणजे नाकातून बोलणारी गिटार. सर्दी झालेला स्टीव्ही रे वॉन ऐकायला कुणी पैसे मोजत नाही. अशा ॲम्पला पूर्ण पट्टा राखणारं पेडल लागतं: बॉसचं १९९५ चं ब्लूज ड्रायव्हर, किंवा मार्शलच्या गव्हनर आणि ब्लूजब्रेकर जातीची, जी स्वतःच छोट्या ॲम्पसारखी वागतात. मार्शलने ती जुनी पेडलं २०२३ मध्ये पुन्हा काढलीही.

ज्याच्याकडे ॲम्पच नाही आणि जो गणपतीच्या मंडपात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटारीची वायर थेट मिक्सरमध्ये खुपसणार आहे, त्याचं प्रकरण आणखी निराळं. गिटारीचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही, आणि हीच त्याची मोठी कृपा आहे. ओव्हरड्राइव्हने तयार केलेली वरची करकर तो गिळून टाकतो. मंडपातल्या स्पीकरच्या डब्यांना ट्वीटर असतात. ते सगळं इमानदारीने ऐकवतात. मग जगातलं उत्तमातलं उत्तम पेडलसुद्धा बाटलीत अडकलेल्या माशीसारखं वाजतं आणि मंडपवाला मिक्सरवरून 'भाऊ, वायर खराब आहे तुमची' असं सांगून आवाज बंद करतो. त्याचंही चुकत नाही. इथे आधी हवं ते स्पीकरची नक्कल करणारं पेडल. ओव्हरड्राइव्हचा नंबर त्यानंतर.

यानंतर वीज. ओव्हरड्राइव्ह बारीक आवाज मोठा करतं, आणि आपल्या घरांत सगळ्यात भरवशाचा बारीक आवाज म्हणजे पन्नास हर्ट्झची घुमी. सॉकेटला अर्थिंग नसेल, गिटार सिंगल कॉइल पिकअपची असेल आणि डोक्यावर चोकची ट्यूबलाइट असेल, तर पेडल दाबताच गाण्याआधी डीपीच दाद देते. ज्याच्या घरी अर्थिंग नाही त्याने पेडलच्या पैशातले थोडे वायरमनला द्यावेत. सुरात पडणारा फरक पेडलपेक्षा मोठा असेल, आणि जीवही वाचेल. अडॅप्टरचंही तसंच. बहुतेक पेडलं नऊ व्होल्टची, पण त्यांच्या पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. घरातल्या वायफाय राउटरच्या पिनमध्ये सहसा मधे धन असतं. पिन बसते, म्हणून माणूस खूश होतो, आणि पेडल कायमचं क्लीन होतं. नऊ व्होल्टची बॅटरी लावली तर लोडशेडिंगचीही फिकीर नाही; पेडल वीज फारच थोडी खातं. फक्त वाजवून झालं की गिटारीची वायर पेडलमधून उपसून ठेवावी, कारण ती आत असली की पेडल रात्रभर जागं राहतं.

उरला शेजारी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. शंभर वॉटचा वाल्व्ह ॲम्प रंगात आला की शंभरी सहज ओलांडतो. म्हणजे क्लॅप्टनने केलं ते आपल्या आळीत करायचं तर कलाकार आणि आरोपी एकाच वेळी व्हावं लागेल. पेडलचा खरा उपयोग इथे आहे: कमी आवाजात फाटलेला सूर देणं. म्हणून ॲम्प स्वच्छ आणि लहान ठेवावा, आणि पेडलचा ड्राइव्ह नॉब घड्याळातल्या दहाच्या पुढे नेऊ नये. एसी/डीसीच्या 'बॅक इन ब्लॅक'मधल्या गिटारी नीट ऐका. आठवणीत असतात त्यापेक्षा त्या बऱ्याच स्वच्छ आहेत. सहाही तारांचा एक कॉर्ड छेडावा. प्रत्येक तार वेगळी ऐकू येत असेल तर ड्राइव्ह बरोबर आहे.

यावर जाणकार म्हणतील की खरं सोनं जुन्या, मूळच्या पेडलांत आहे. टीएस८०८ आणि १९८२ चा टीएस९ यांचं उदाहरण घेऊ. भाविक मंडळी या दोघांच्या आवाजावर तासन्तास बोलतात. आतली मंडळरचना जवळपास तीच. गाजलेला फरक बाहेर जाण्याच्या वाटेवरच्या दोन रोधकांचा. एकात १०० ओहम आणि १० किलोओहम, दुसऱ्यात ४७० ओहम आणि १०० किलोओहम. हे रोधक सुट्या रुपयांत मिळतात; श्रद्धा तेवढी महाग पडते. बिल फिनेगनचं क्लॉन सेंटॉर १९९४ चं. आतलं सर्किट कुणी पाहू नये म्हणून त्यावर इपॉक्सी ओतलेली. आज ते वापरलेलं घ्यायचं तरी चार-पाच लाख मोजावे लागतात. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. म्हणजे एका पेडलमागे पन्नास ते पासष्ट क्विंटल कापूस. फिनेगनने पुढे काढलेल्या केटीआर पेडलवर तर छापूनच टाकलं की या वेडगळ गाजावाजाला मी जबाबदार नाही. निर्माताच हात वर करतो आणि भक्त आरती थांबवत नाहीत, हे दृश्य आपल्याला नवं नाही.

दुसरा आक्षेप असा की सूर बोटांत असतो, डब्यात नाही. हे अर्धं खरं आहे. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये वाजवलंही; तिथे त्यांच्या मैफिलींचा ट्रकभर सरंजाम नव्हता. पण बोटांचा दाखला देणाऱ्याच्या पायाशी बहुधा सात पेडलं असतात, एवढं नोंदवून ठेवावं. तिसरा आक्षेप अधिक वजनदार: क्वीनच्या ब्रायन मेने छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवरही अजरामर काम केलं, मग ॲम्पला एवढं महत्त्व का? त्याच्या गटातल्या जॉन डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किटचा, बॅटरीवर चालणारा एक ॲम्प बनवला होता, आणि मेने तो ध्वनिमुद्रणांत वापरला. पण हा दाखला माझ्याच बाजूने उभा राहतो. त्या ॲम्पपुढे खर्ज कमी करून वरचे सूर वाढवणारं ट्रेबल बूस्टर होतं, आणि ते त्या ॲम्पला साजेसं होतं. बियाणं त्या जमिनीला जुळलं. त्याच गटाचा गायक आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता, हे अभिमानाने सांगणाऱ्यांनी एवढा धडाही उचलायला हरकत नाही.

राहिला शेवटचा, घरचा आक्षेप: ढोल-पेपऱ्यावरचा दंडारी नाच आणि परधानांचं किकरी वाद्य सोडून हे फाटकं संगीत काहून? तर फाटण्याची कला आपल्यालाच आधी साधली आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, तारेखाली दोरा सरकवतो, आणि साध्या तारेतून स्वरांचं मोहोळ उठतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. रॉकचा पॉवर कॉर्ड म्हणजेही निव्वळ सा आणि प. कंपनांचं प्रमाण दोनास तीन. ओव्हरड्राइव्हमध्ये त्यांच्यातला फरक खालच्या सप्तकातला सा होऊन उमटतो, म्हणून दोनच सूर एवढे भरदार लागतात. मधे गंधार घातला की हिशेब बिघडतो आणि कालवा होतो. आणि जवारी नेहमी त्या एका तंबोऱ्यापुरती लावलेली असते. भीमसेनांच्या तंबोऱ्याची जवारी पाकिटात घालून कुणी कुरिअरने मागवत नाही.

तेव्हा निकाल असा. मोठा वाल्व्ह ॲम्प आणि तो वाजवायला मोकळं रान असेल तर पिवळं किंवा हिरवं पेडल घ्या. खोलीत छोटा ट्रान्झिस्टर ॲम्प असेल तर ब्लूज ड्रायव्हर किंवा मार्शलच्या जातीचं घ्या. थेट मिक्सरमध्ये वाजवणार असाल तर स्पीकरची नक्कल करणारं काहीतरी आधी घ्या. यांतलं काहीच ठरत नसेल तर एकाच डब्यात अनेक आवाज देणारं मल्टिइफेक्ट घ्या, पण त्यातले दोनच आवाज निवडा आणि पडदा झाका. आणि घरात अर्थिंग नसेल तर आज काहीच मागवू नका. वायरमनला फोन करा.