पत्रास कारण की, उणे २१

आमच्या आजोबांना भिजलेलं पोस्टकार्ड वाचता यायचं. श्रावणात पोस्टमनच्या पिशवीतून निघालेलं कार्ड म्हणजे निळ्या शाईचं नुसतं थारोळं. आजोबा ते खिडकीशी धरून खडखडीत वाचत : 'शि. सा. न. वि. वि.' पुढचंही न अडखळता. हे कसब वाचणाऱ्याचं नसून मायन्याचं होतं, हे मला पन्नाशीत, हॅम रेडिओचा परवाना मिळाल्यावर कळलं. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला. मधे कोण आजारी आणि कोण बाळंत, एवढंच काय ते नवीन.

सध्या मी एफटी८च्या नादी लागलो आहे. रेडिओला संगणक जोडून निरोप धाडायची ही पद्धत जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली काढली. यातल्या टेलरना १९९३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते जोडीनं फिरणाऱ्या पल्सारच्या शोधाबद्दल, रसेल हल्स यांच्यासोबत. ताऱ्यांची कुजबुज ऐकणाऱ्या माणसाला ब्राझीलची कुजबुज काय जड! गोंगाट शंभरपट मोठा असला, म्हणजे आमच्या भाषेत सिग्नल उणे २० डेसिबल असला, तरी ही पद्धत निरोप काढून दाखवते. मला स्वतःला कर्ण्यातून फक्त पोहे भाजल्यासारखा आवाज येतो.

युक्ती आजोबांचीच. निरोप ७७ बिटांचा. त्याला १४ बिटांची पडताळणी आणि ८३ बिटांची ठिगळं जोडायची, म्हणजे १७४ पैकी बरेच वाहून गेले तरी उरलेल्यांवरून मूळ मजकूर सांधता येतो. बोलायचं काय तेही ठरलेलं. माझं नाव, माझा चौकोन, तुझा आवाज किती, पोचला, आणि शेवटी '७३', म्हणजे 'लोभ असावा'. चौकोन म्हणजे नकाशावरचा. माझा एमके६८. त्यात पुणे, अलिबाग आणि कुलाबा एकत्र नांदतात, दादर मात्र शेजारच्या चौकोनात. पुणेकराला कुलाब्यात घालण्याचं धाडस आजवर कोणत्याही सरकारनं केलेलं नाही.

वेळ मात्र मुहूर्तासारखी पाळावी लागते. १५ सेकंदांची पाळी असते; त्यात पावणेतेरा सेकंदांच्या आत आपलं म्हणणं संपवायचं आणि पुढचे १५ सेकंद गप्प बसून ऐकायचं. मराठी माणसाला यातला दुसरा भाग अवघड. मला पहिलाही जमेना. तीन दिवस पडद्यावर सिग्नलच्या रेघा पावसासारख्या कोसळत होत्या आणि अक्षर एक उमटत नव्हतं. मी तारेला दोष दिला. गच्चीवर १० मीटर तार ताणलेली आहे. तिच्यावर सोसायटीतल्या दोघींचे पेटीकोट वाळत होते, ते उतरवून ठेवले. त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते अधिक २० डेसिबलचं होतं. चौथ्या दिवशी भाचा आला, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चार सेकंद मागे आहे." मुहूर्त टळल्यावर भटजी काय करणार!

आता आजोबांच्या पद्धतीतली खोट सांगतो. एकदा मोठ्या काकांचं असंच भिजकं कार्ड आलं आणि आजोबांनी वाचलं, 'कमलेला गोरा झाला'. कमलआत्याला सातवा लागलेला. आजोबांनी पेढे वाटले, पंचांग उघडलं. प्रत्यक्षात कपिला गाईला गोऱ्हा झाला होता. अपेक्षा धरून वाचलं की असं होतं. माझा संगणकही तसाच. सिग्नल फारच क्षीण असला तर 'हा बहुतेक सर्वांना हाकच मारत असणार' असं धरून तो उरलेल्या रकान्यांत अंदाज भरतो आणि मनाची नव्हे तरी जनाची लाज म्हणून शेवटी प्रश्नचिन्ह टाकतो. एका रात्री तीन वाजता उणे २४ वर 'पी५' उमटलं. पी५ म्हणजे उत्तर कोरिया, हॅम मंडळींच्या हव्याशा देशांच्या यादीत वर्षानुवर्षं सगळ्यात वर! मी घर उठवलं. प्रश्नचिन्ह मला सकाळी दिसलं. गोऱ्हाच होता.

गेल्या गणपतीत सोसायटीनं स्वस्तातल्या दिव्यांच्या माळा सोडल्या. त्यांचा रेडिओत इतका गोंगाट, की दहा दिवस कोणीच ऐकू येईना. विसर्जनाच्या रात्री माळा विझल्या आणि साओ पावलोच्या चौकोनातून, १३,००० किलोमीटरांहून लांबून, एकानं माझं नाव घेतलं. मी म्हटलं, उणे १८. तो म्हणाला, पोचलं, तुझं उणे २१. दीड मिनिटात आटोपलं.

"काय म्हणाला?" बायकोनं विचारलं.

"उणे २१."

"आणि?"

"लोभ असावा."

"एवढ्यासाठी वायर बांधलीत? आज तरी काहीतरी चांगलं बोला त्याच्याशी."

मनचं लिहायची सोय आहे, पण फक्त १३ अक्षरं, तीही रोमन. मी बोटांवर मोजलं. 'गणपती'ची ७, मोकळी जागा १, 'बाप्पा'ची ५. बरोब्बर १३! टाइप केलं आणि हात थांबला. देवाचं नाव असं अर्धवट कसं सोडायचं?

"'मोरया' मावत नाही गं," मी म्हटलं.

"अहो," ती दिवा मालवत म्हणाली, "'मोरया' समोरच्यानं म्हणायचं असतं."