साक्षीदार हाजिर हो: एक चड्डी

नोव्हेंबर 2018मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका चड्डीची साक्ष झाली. शपथ तेवढी घ्यायची राहिली.

खटला बलात्काराचा. तक्रारदार मुलगी 17 वर्षांची, आरोपी 27चा. बचाव पक्षाच्या वकीलबाईंनी (हो, बाईच) ज्युरीला सुचवलं की मुलीचे कपडेही पाहा. चड्डीला पुढून लेस होती. आठ पुरुष आणि चार बायकांच्या ज्युरीने सुमारे दीड तासात आरोपीला निर्दोष ठरवलं. ज्युरीची खलबतं गुप्त असतात, त्यामुळे निकालात लेसचा वाटा किती, हे बाहेर कुणाला कळायची सोय नाही.

मग निदर्शकांनी कॉर्कच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर चड्ड्या मांडल्या. खासदार रूथ कॉपिंजर यांनी डब्लिनच्या संसदेत बाहीतून निळी लेसची चड्डी काढून दाखवली, तर कॅमेरेच लाजून दुसरीकडे वळले. न्यायालयात जी पुरावा, ती संसदेत अश्लील!

ज्युरीत चार बायका होत्या, हेही फुकट मिळालेलं नाही. 1927च्या कायद्याने आयरिश बायकांना या कामातून ‘सूट’ दिली होती; बसायचंच असेल तर स्वतःहून अर्ज करा. मॉरीन डी बुर्का आणि मेरी अँडरसन यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून 1975मध्ये ती सूट मोडीत काढली. आता समन्स आलं की बायकांनाही जावंच लागतं, आणि वकील कपाटाची झडती घेऊ लागले तरी मधेच उठून जाता येत नाही.