व्हिसामुक्त प्रवासाचे दुष्परिणाम

ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवर सुमारे 180 देश-प्रदेशांत आगाऊ व्हिसा न काढता जाता येते. त्यामुळे तेथील नागरिक आत्मपरीक्षणाला कायमचा मुकतो. श्रीगोंद्याच्या ऊस बागायतदाराचे तसे नाही. शेंगेन व्हिसासाठी 90 युरो भरताच त्याला बँकेचे उतारे, आयकर विवरण, परतीचे तिकीट आणि आपण परत का येणार याचा पुरावा शोधावा लागतो. अर्ज फेटाळला तरी शुल्क परत मिळत नाही. फीवाचून विद्या कोण देते? नेपाळला जायला भारतीयाला पासपोर्टही लागत नाही, हा अपवाद दुर्दैवी आहे. उलट श्रीगोंद्यातील संत शेख महंमद बाबांच्या समाधीपर्यंत येणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसालाही भारताचा ई-व्हिसा लागतो, एवढा संस्कार आपण त्याच्यावर केला आहे.

ही पद्धत श्रीगोंदा तालुक्याच्या सीमेवरच्या भीमा नदीवर तातडीने लागू व्हावी. पलीकडे दौंड, म्हणजे परका जिल्हा. अर्जासोबत मेव्हण्याचे निमंत्रणपत्र आणि रानात ऊस उभा असल्याचा सातबारा जोडावा. मुलगी पाहायला जाणाऱ्यांना, होकार मिळेपर्यंत, बहुप्रवेश व्हिसा द्यावा.

याच नदीकाठी, पेडगावच्या बहादूरगडावर, 1674 मध्ये शिवाजी महाराजांचे सैन्य दोन तुकड्यांत, व्हिसाविनाच आले. मुघल सुभेदार बहादूरखानाची फौज तपासणीसाठी बाहेर पडली, पण पहिल्याच तुकडीच्या मागे धावत राहिली. दुसऱ्या तुकडीचा मुक्काम अल्प होता. प्रवासाचा हेतू तिला कोणी विचारला नाही. परतीचे सामान मात्र येतानापेक्षा बरेच अधिक होते.