समन्वयकाचं इंग्रजी

तालुक्याच्या कॉलेजात ‘स्पोकन इंग्लिश’चा वर्ग काढायला शिक्षक लागतो, हा गैरसमज आहे. लागतो तो समन्वयक, आणि त्याच्याही आधी फ्लेक्स. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या पाचव्या निकषात भाषा आणि संवादकौशल्याच्या उपक्रमांची नोंद होते, हे ध्यानात आलं की मुलांच्या इंग्रजीची काळजी कॉलेजला एकाएकी वाटू लागते.

समन्वयक बहुधा तासिका तत्त्वावरचा. म्हणजे दिवाळी उलटली तरी मानधन न मिळालेला. वेळापत्रक लावायला बसला की सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी एनसीसी, पाचला एसटी. शेवटची गाडी चुकवून कोणी भूतकाळ शिकत नाही. कापूस वेचणीला आला की कर्ता, कर्म, क्रियापद सगळेच रानात.

तरी वर्गाचे ३० तास कागदावर चोख भरतात. उद्घाटनाला नारळ, शाल, सरस्वतीपूजन. पाहुणे ‘इंग्रजी ही काळाची गरज’ यावर पाऊण तास बोलतात, अस्खलित मराठीत. लँग्वेज लॅबची किल्ली शिपाईमामांकडे. हेडफोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच, कारण नॅकची समिती यायचीय. फोटो मात्र जिओटॅग केलेलाच हवा. त्यात अक्षांश-रेखांश स्पष्ट दिसले पाहिजेत. फळ्यावरचं पुसट असलं तरी चालतं.

मागच्या बाकावरून एक मुलगी विचारते, ‘‘सर, मुलाखतीत स्वतःबद्दल सांगा म्हणाले, तर सुरुवात कशी करायची?’’ अख्ख्या वर्गातला हा एकमेव खरा प्रश्न. सर म्हणतात, ‘‘थांब गं, आधी फीडबॅक फॉर्म भर.’’ फॉर्म इंग्रजीत. तिला तो कळत नाही, म्हणून सरच भरून देतात: समाधान, ‘उत्कृष्ट’.